मँचेस्टरचा कायदा आणि गिरणगावाचा अर्ज



जागतिक धोरण आणि राजकीय विचार यांच्या नात्यावर बोलावे, असे संयोजकांनी सुचवले. विषयाचा पसारा मोठा आहे. हवामान, व्यापार, औषधांची पेटंटे, निर्वासित, अण्वस्त्रे असे सगळेच त्यात येते, आणि तासाभरात हे सारे हाताळायला गेलो तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून मी एकच प्रश्न घेणार आहे. माणसाने दिवसाला किती तास राबावे, कोणत्या वयापासून राबावे आणि राबताना त्याला काय संरक्षण असावे, हे जगासाठी कोणी ठरवायचे? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराच भाग मुंबईत घडलेला आहे.  तेव्हा विषय निवडताना मला फार शोधाशोध करावी लागली नाही.

माझे म्हणणे आधीच मांडतो. बाहेरून आलेल्या नियमाबद्दल आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. जगाने मानला आहे, तेव्हा तो शहाणपणाचाच असणार, ही एक. परक्यांनी केला आहे, तेव्हा त्यात त्यांचा डाव असणार, ही दुसरी. या दोन्ही वाटा विचार करण्याचे कष्ट वाचवतात. नियम कोणाच्या स्वार्थातून जन्मला हे तपासलेच पाहिजे, पण तेवढ्याने तो न्याय्य की अन्याय्य हे ठरत नाही. ज्याच्या आयुष्यावर तो लागू होणार त्याला तो हवा होता का, आणि लिहिताना त्याला कोणी विचारले का, यावर ते ठरते.

आता मुद्द्याकडे येतो. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. लँकेशायरच्या कापडवाल्यांना ही स्पर्धा खुपू लागली. विलायतेत कारखाना कायदे होते, मुलांच्या आणि बायकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा होती; मुंबईत कसलीच मर्यादा नव्हती. गिरणी सूर्योदयाला सुरू व्हायची आणि सूर्यास्ताला थांबायची. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. १८७५ साली लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा प्रश्न ब्रिटिश सरदारांच्या सभागृहात मांडला. शाफ्ट्सबरी हे सच्चे सुधारक होते. विलायतेतल्या मुलांना कारखान्यांच्या जाचातून सोडवण्यासाठी त्यांनी अर्धे आयुष्य खर्च केले होते. परंतु त्यांच्या करुणेच्या मागे मँचेस्टरचा हिशेब उभा होता, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी मुंबईत चौकशी आयोग नेमला गेला. त्यातल्या बहुतेकांना कायद्याची गरज वाटली नाही. तरीही १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्यांना महिन्यात चार सुट्ट्या द्याव्यात, या त्यातल्या मुख्य तरतुदी होत्या. शंभराहून कमी माणसे असलेले कारखाने त्यातून सुटले होते. प्रौढ पुरुषांसाठी आणि बायकांसाठी तासांची मर्यादा त्यात नव्हतीच.

आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोध केला. त्यांचा संशय निराधार नव्हता. १८८२ साली विलायती कापडावरची आयात जकात उठवण्यात आली. पुढे महसुलाच्या गरजेपोटी ती परत बसवावी लागली, तेव्हा १८९६ साली इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर लादला गेला, तो केवळ लँकेशायरला बरोबरीची संधी मिळावी म्हणून. असे सरकार मजुरांच्या कळवळ्याने कायदा करते, यावर कोणाचा विश्वास बसावा?

या विरोधाच्या मागे एक विचारही होता आणि तो हलका नव्हता. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. अर्थशास्त्राचे नियम देशकालनिरपेक्ष नसतात, इंग्लंडच्या परिस्थितीतून काढलेले सिद्धांत हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, असे त्यांनी तिथे मांडले. खुल्या व्यापाराचे तत्त्व म्हणजे सृष्टीचा नियम, असे त्या काळात शिकवले जात होते. अशा वेळी हे म्हणायला मोठे धैर्य आणि मोठा अभ्यास लागतो. आजही कोणत्याही जागतिक आर्थिक धोरणाचा विचार करताना मला रानड्यांच्या या मांडणीकडे परत यावे लागते. आमची परिस्थिती वेगळी आहे, हे वाक्य आपल्या राजकीय विचारातले एक मूलभूत वाक्य आहे. पण हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे याला महत्त्व असते. ते गिरणीमालकाच्या तोंडी आले की त्याचा अर्थ बदलतो, कारण ज्या परिस्थितीचे वेगळेपण तो सांगत असतो त्या परिस्थितीत राबणारा माणूस दुसराच असतो.

मुंबईत त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने बोलणारा कोणीतरी होता. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यात वाढलेले, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक अनुयायी. रेल्वेत, टपाल खात्यात आणि मग गिरणीत त्यांनी नोकरी केली. १८८० पासून ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र त्यांच्या हाती आले. गिरणीतल्या माणसाच्या वाट्याला काय येते हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८८४ साली सरकारने नवा आयोग नेमला तेव्हा लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने अर्ज केला. त्या अर्जातल्या मागण्या पाहा. रविवारी सगळ्यांना सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय व्हावी.

या मागण्यांत मँचेस्टर कुठे दिसते? पगाराच्या तारखेशी मँचेस्टरचा काही संबंध नव्हता. मजूर उधारीवर जगत होता आणि पगार जितका लांबेल तितके वाण्याच्या वहीतले व्याज वाढत होते. अर्धा तास विश्रांती मागणाऱ्यांना यंत्र चालू असतानाच भाकरीचे दोन घास कोंबावे लागत होते. १८८१ च्या कायद्याने मुख्यतः मुलांचे वय आणि तास मोजले होते. कामगारांच्या अर्जाने उधारी, भूक, जखम आणि अपंगत्व या सगळ्या बाबी कायद्याच्या कक्षेत आणण्याची मागणी केली.

लोखंड्यांचे मोठेपण इथे आहे. कायदा लँकेशायरच्या सोयीचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, असे कोणी समजू नये. कायद्याचा उगम कुठेही असो, तो आम्हाला हवा आहे आणि आम्हाला हवा तसा हवा आहे, ही त्यांची भूमिका होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्याच सालच्या १० जूनला गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी मार्चमध्ये कैसर विल्हेल्मच्या बोलावण्यावरून बर्लिनला युरोपातल्या सरकारांची कामगार प्रश्नावर परिषद भरली होती. तिचा दाब १८९१ च्या दुसऱ्या कारखाना कायद्यावर पडला. बायकांचे काम अकरा तासांवर आले, मुलांचे किमान वय नऊ झाले, आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. इतिहासाच्या पुस्तकात बर्लिनची परिषद आणि लंडनचे मंत्री यांना पहिले स्थान मिळते. मला तो क्रम उलटा वाटतो. मुंबईचा अर्ज सहा वर्षे आधीचा होता.

राष्ट्रवादी विचारही पुढे हलला. आगरकरांचा प्रभाव होता त्या काळात ‘मराठा’ या वृत्तपत्राने गिरणीमालकांना कामगारांच्या मागण्यांकडे लक्ष द्यायला सांगितले होते. पुढे १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस काम बंद ठेवून रस्त्यावर उतरले. मजूर हा फक्त देशी उद्योगाचा घटक आहे, अशी समजूत त्यानंतर टिकणे कठीण होते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहातून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना निर्माण झाली. रशियात क्रांती होऊन दोन वर्षे झाली होती. कामगाराला काही दिले नाही तर तो सगळेच घेईल, ही भीती युरोपातल्या सरकारांना होती. त्या भीतीला समाजवादी सुधारकांच्या विचाराची जोड मिळाली आणि एक नवीच रचना जन्माला आली. प्रत्येक देशाचे दोन प्रतिनिधी सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. आंतरराष्ट्रीय सभेत सरकारखेरीज दुसऱ्या कोणाला मत असणे, ही राजकीय विचारातली मोठी उडी होती आणि आजही अशी दुसरी मोठी संस्था दाखवता येत नाही.

हिंदुस्थान पारतंत्र्यात असूनही तिचा संस्थापक सदस्य झाला. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली. तिला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले. त्यांची नेमणूक सरकारने केली होती, कारण कामगारांची देशव्यापी संघटनाच तेव्हा नव्हती. ती उणीव पुढच्याच वर्षी भरून निघाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक या देशव्यापी कामगार संघटनेची स्थापना झाली, आणि श्रम संघटनेच्या जिनिव्हातल्या परिषदेला आपला प्रतिनिधी आपणच निवडून पाठवावा ही इच्छा त्यामागच्या कारणांपैकी एक होती. जागतिक संस्था देशातल्या राजकारणाला असा आकार देते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

वॉशिंग्टनच्या परिषदेने पहिलाच आंतरराष्ट्रीय करार केला तो कामाच्या तासांचा. दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण त्याच्या दहाव्या कलमात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळी तरतूद होती: आठवड्याला साठ तास. जपानलाही सवलत होती, पण आपल्याहून कमी. कारण काय दिले गेले? इथली परिस्थिती वेगळी आहे. रानड्यांनी देशी उद्योग वाचवण्यासाठी वापरलेला तर्क आता मजुराकडून आठवड्याला बारा तास जास्त काम घेण्याच्या समर्थनासाठी वापरला जात होता. माझ्या मते या सबंध इतिहासातली ही सगळ्यात शिकण्याजोगी जागा आहे. वेगळेपणाचा तर्क खरा असतो, आणि तो कोणाच्याही हाती लागू शकतो.

१९२१ साली हिंदुस्थानने या कराराला मान्यता दिली आणि १९२२ च्या कायद्याने साठ तासांचा आठवडा आणला. १९३४ मध्ये तो चौपन्न तासांवर आला. अठ्ठेचाळीस तास यायला १९४६ साल उजाडावे लागले. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. मुंबईच्या कामगारवस्तीत राहिलेला, १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढणारा, १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांना संपावर घेऊन जाणारा हा माणूस होता. जगाने मान्य केलेला आठवडा भारतीय मजुराला मिळायला सत्तावीस वर्षे लागली, आणि तो मिळवून देणाऱ्याला जिनिव्हाने तो विचार शिकवावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतरचा बराच काळ मी ओलांडतो आणि १९९४ ला येतो. मराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सह्या होत असताना अमेरिका आणि फ्रान्स यांनी सामाजिक कलमाचा आग्रह धरला. जो देश कामगारांचे किमान हक्क पाळत नाही त्याच्या मालावर व्यापारी निर्बंध घालता यावेत, असा त्याचा रोख होता. भारताने कडाडून विरोध केला. आपल्या कामगार संघटनांनीही, डाव्या आणि उजव्या दोन्ही, विरोध केला. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत तोडगा निघाला: कामगार हक्कांचा विषय श्रम संघटनेचा, आणि त्याचा वापर बाजार अडवण्यासाठी करायचा नाही.

हा विरोध बरोबर होता असे मला वाटते आणि त्याचे कारण बांगलादेशात दिसते. १९९३ च्या सुमारास बालमजुरांनी बनवलेल्या मालावर बंदी घालणारे एक विधेयक अमेरिकी सिनेटमध्ये मांडले गेले. ते मंजूर झालेच नाही. पण नुसत्या धास्तीने ढाक्यातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांनी मुलांना, त्यात बहुतेक मुलींना, कामावरून काढून टाकले. युनिसेफने हा आकडा सुमारे पन्नास हजार सांगितला. त्यातली अनेक मुले शाळेत गेली नाहीत. दगड फोडायला, रस्त्यावर फेरी करायला, त्याहून वाईट कामांना लागली. मुलांची काळजी खरी होती. ज्या घरातून ते मूल कामाला जात होते त्या घरापर्यंत ती पोचलीच नव्हती. दोन वर्षांनी मालक, युनिसेफ आणि श्रम संघटना यांच्यात करार होऊन शाळांची आणि विद्यावेतनाची सोय झाली, ती उशिराने.

पण विरोध बरोबर होता म्हणून आपले हिशेब पूर्ण झाले असे होत नाही. हा विषय श्रम संघटनेचा, असे आपण सिंगापूरला ठणकावून सांगितले. त्याच श्रम संघटनेचे संघटनास्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांवरचे १९४८ आणि १९४९ चे मूलभूत करार भारताने आजतागायत मान्य केलेले नाहीत. सरकारी नोकरांच्या सेवानियमांची अडचण सांगितली जाते. सात-आठ दशकांत ज्या अडचणीतून वाट निघाली नाही, ती शोधण्याची इच्छाच नव्हती, असेच मी म्हणेन.

आता सोलापूरला या. विडी वळणारी बाई घराच्या उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कापते, चिमूटभर तंबाखू भरते, वळते, दोऱ्याने बांधते. हजार विड्यांमागे मजुरी. माल जमा करायला गेल्यावर त्यातल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. तिला मालक माहीत नसतो. पान देणारा आणि माल घेणारा मध्यस्थ माहीत असतो. ती कामगार आहे की नाही? जिनिव्हाने घरी काम करणाऱ्यांसाठी करार केला तो १९९६ साली, इला भट्ट यांच्या ‘सेवा’सारख्या संघटनांनी अनेक वर्षे रेटा लावल्यावर. आणि मतदानात मालकांच्या गटाने हात वर केला नाही. पण भारताच्या १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईला कामगार मानले होते. जगाच्या तीस वर्षे आधी! इतके असून १९९६ च्या करारालाही भारताने मान्यता दिलेली नाही. ज्या गोष्टीत आपण पुढे होतो, ती आपली म्हणून सांगायलाही आपण विसरलो.

माथाडींची गोष्टही अशीच आहे. १९६७ मध्ये श्रम संघटनेने पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. त्या वेळी मुंबईच्या मशीद बंदरात आणि पुण्याच्या बाजारात हमाल शंभर किलोचे पोते पाठीवर घेत होता. पण त्याचा खरा प्रश्न वजनाच्याही आधीचा होता. त्याला मालकच नव्हता. सकाळी एका पेढीचा ट्रक, दुपारी दुसऱ्या पेढीचा, आणि मधे टोळीचा मुकादम. मालक ठरत नाही तोवर ना भविष्यनिर्वाह निधी, ना दवाखाना, ना म्हातारपणाची सोय. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने मालक कोण, हा वाद बाजूला ठेवला. बाजारात हमालाकडून काम करून घेणाऱ्या सगळ्यांनी एका मंडळाकडे नोंद करायची, मजुरी मंडळात भरायची, वर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही भरायची. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी पाहणार. मंडळात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने.

ही कल्पना हवेतून आली नव्हती. गोदी कामगारांसाठी अशी योजना ब्रिटनने १९४७ मध्ये आणली होती आणि भारताने १९४८ मध्ये गोदी कामगारांचा कायदा केला होता. गोदीतली योजना महाराष्ट्राने बाजारपेठेत आणली. परदेशी कल्पना घ्यावी ती अशी, आपल्या माणसाच्या गरजेवर पारखून.

आज शहरात दुचाकीवर पिशवी लावून फिरणाऱ्या मुलाचीही हीच अडचण आहे. त्याला मालक नाही, ॲप आहे. कंपनी त्याला भागीदार म्हणते. ऑर्डर कोणाला जाणार, दर काय मिळणार, खाते कधी बंद होणार हे यंत्र ठरवते आणि त्याला कारण सांगायला कोणी बांधील नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांची व्याख्या पहिल्यांदा कायद्यात आणली. २०२३ मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क अशी रचना कायद्याने केली, आणि त्यासाठी झटणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या माथाडी मंडळांचा दाखला दिला होता. जून २०२५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने या कामावर आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडून शिफारस करायचे ठरवले आणि दुसऱ्या फेरीची चर्चा २०२६ साठी ठेवली. तिथला मोठा वाद पुन्हा तोच आहे: हा माणूस नोकर की स्वतंत्र व्यावसायिक? माथाडी कायद्याने हा वाद सोडवल्यावाचून संरक्षण देता येते हे अर्ध्या शतकाच्या कारभारातून दाखवले आहे. त्या कारभारात दोष आहेत, मंडळांत गैरप्रकार झाले आहेत, बोगस माथाडींच्या तक्रारी आहेत. ते लपवण्याचे कारण नाही. पण जगाला उपयोगी पडेल असा अनुभव आपल्यापाशी आहे आणि तो जगाच्या मेजावर मांडलेला मला दिसत नाही.

म्हणून माझी विनंती तिघांना आहे. कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांनी जिनिव्हातले मसुदे मागवावेत, त्यांचे मराठी करून घ्यावे आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलांसमोर कलमवार वाचावेत. विधीच्या विद्यार्थ्यांनी माथाडी मंडळांच्या पन्नास वर्षांच्या कारभाराचा, यशाचा आणि अपयशाचाही, अभ्यास करून तो बाहेर न्यावा. आणि राज्य सरकारने महाराष्ट्रातल्या ॲपवरच्या कामगारांसाठी माथाडींच्या धर्तीवर मंडळ स्थापन करावे. त्यासाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहण्याची गरज नाही.